एका राष्ट्राध्यक्षाची आवक-जावक

थॉमस जेफरसनच्या मृत्यूला बावीस वर्षे झाली, तेव्हा म्हणजे 1848 साली अमेरिकी काँग्रेसने त्याच्या कागदपत्रांसाठी त्याच्या नातवाला 20,000 डॉलर मोजले. सौदा सार्वजनिक कागदांपुरता होता. घरगुती आणि खासगी जे काही निघेल ते बाजूला काढून कुटुंबाला परत करायचे, असे ठरले होते. म्हणजे कुणाला तरी बसून, एकेक कागद उलगडून, हा सरकारी आणि हा खासगी असे दोन ढीग करावे लागले. सरकारी ढीग परराष्ट्र खात्याकडून पुढे वॉशिंग्टन शहरातल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेला. खासगी ढिगातला मोठा भाग थॉमस जेफरसन कूलिज या पणतूने 1898 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला देऊन टाकला. आजही अमेरिकेच्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाचा पत्रव्यवहार मुख्यतः या दोन शहरांत विभागलेला आहे.

गंमत अशी की जेफरसनच्या हातचे सर्वांत प्रसिद्ध प्रेमपत्र वॉशिंग्टनच्या सरकारी ढिगात सापडते. पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील, म्हणजे राजदूत, असताना, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, हा विधुर गृहस्थ मारिया कॉसवे या विवाहित चित्रकार स्त्रीत गुंतला. सप्टेंबर 1786 मध्ये पडून त्याचे उजवे मनगट निखळले आणि ती पॅरिस सोडून गेल्यावर, 12 ऑक्टोबरला, त्याने तिला डाव्या हाताने एक पत्र लिहिले. चार हजारांहून अधिक शब्दांचे हे पत्र म्हणजे डोके आणि हृदय यांच्यातला वाद आहे. दुखऱ्या हाताच्या माणसाने इतके लांबलचक लिहावे, यातच त्याच्या मनाची अवस्था कळते. मला मात्र त्याहून अधिक नवल वाटते ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला कागद ही त्या पत्राची नक्कल आहे, याचे. मूळ पत्र बाईंकडे रवाना करण्याआधी त्याने त्याची प्रत काढून दप्तरी लावून ठेवली होती.

या एका गोष्टीभोवती मी बरेच दिवस घुटमळतो आहे. जो माणूस आपल्या प्रेमपत्राचीही नक्कल ठेवतो, त्याच्या लेखी खासगी म्हणजे नेमके काय असेल? ढीग वेगळे करणाऱ्या कारकुनांना दोष देण्यात अर्थ नाही. जेफरसनने आयुष्यभर अतिशय हिरिरीने या दोन गोष्टींत भेद केला, पत्रापत्रांतून 'हे तुमच्यापुरतेच' अशी तंबी दिली. पण राज्यकारभार चालवला तो बव्हंशी याच तुमच्यापुरत्या पत्रांतून. सरकारी आणि खासगी यांच्यामधली रेघ कुठे आहे हे कारकुनांना कळले नाही, कारण ती ज्याची त्यालाही सोयीप्रमाणे हलवता येत होती.

आधी नकलांचे तंत्र सांगायला हवे, कारण त्यावाचून पुढचे काहीच शिल्लक राहिले नसते. वाफेच्या इंजिनामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या जेम्स वॉटने 1780 साली पत्राची नक्कल काढणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले होते. ताज्या शाईत लिहिलेल्या पानावर पातळ, ओलसर कागद ठेवून दाब दिला की शाई त्यावर उलटी उमटे. कागद इतका विरळ असे की तो पालथा धरून अक्षर सुलटे वाचता येई. जेफरसनने 1785 साली हे यंत्र मिळवले आणि मग प्रवासात नेता येईल असेही एक बनवून घेतले. या नकला पुढे पुसट होतात, शाई फुटते, ओळी एकमेकींत मिसळतात, आणि त्या वाचणाऱ्या संपादकांनी डोळ्यांना किती ताण दिला असेल ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. 1804 साली त्याच्या हाती याहून सरस यंत्र आले. जॉन आयझॅक हॉकिन्सने शोधलेल्या आणि फिलाडेल्फियाच्या चार्ल्स विल्सन पील याने बनवलेल्या या 'पॉलिग्राफ'मध्ये दोन लेखण्या दांड्यांनी जोडलेल्या असत. एक आपण चालवायची, दुसरी शेजारच्या कागदावर तेच शब्द त्याच वेळी लिहीत जाई. जेफरसन या यंत्रावर फिदा होता. सांधे कुठे आवळावेत, दांड्या कशा हलक्या कराव्यात, याविषयी त्याने पीलला इतक्या सूचना पाठवल्या आहेत की राष्ट्राध्यक्षाला दुसरे काम नव्हते की काय, अशी शंका यावी.

नकलांच्या जोडीला एक नोंदवही होती. आपल्या सरकारी कचेऱ्यांत आवक-जावक रजिस्टर असते तशी ही वही जेफरसनने 11 नोव्हेंबर 1783 पासून 25 जून 1826 पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या नऊ दिवस आधीपर्यंत, स्वतः लिहिली. कुणाला लिहिले, कुणाचे आले, आलेल्या पत्रावरची तारीख कोणती आणि ते हाती कधी पडले, अशा नोंदींची 656 पाने आहेत. आयुष्यभरात त्याने लिहिलेल्या पत्रांची संख्या सुमारे 19,000 सांगितली जाते. त्यातली बहुसंख्य आज कुणालाही फुकट वाचता येतात, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 2013 साली आरंभीच्या नेत्यांचे पत्रव्यवहार संकेतस्थळावर खुले केले. रात्री जेवणे आटोपल्यावर एखादी तारीख घालून त्या दिवशी या माणसाने काय काय लिहिले ते वाचत बसण्याचा नाद मला त्यामुळेच लागला. एकाच दिवशी परराष्ट्र नीती, द्राक्षांच्या कलमांची मागणी, नातीला उपदेश आणि सावकाराकडे मुदतीची याचना, असे सगळे एकापाठोपाठ निघते आणि हस्ताक्षर मात्र सर्वत्र तेच टापटिपीचे.

एवढ्या काटेकोर माणसाने एक पत्रव्यवहार मात्र शिल्लक ठेवला नाही. त्याची पत्नी मार्था 6 सप्टेंबर 1782 रोजी गेली. त्या दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे आज उपलब्ध नाहीत. त्यानेच ती नष्ट केली, असे मानले जाते. खरे खासगी काय होते, याचे त्याच्याकडून मिळालेले उत्तर हेच असावे.

राष्ट्राध्यक्ष होण्याआधीच त्याच्या पत्रांनी त्याला दोनदा चांगलाच हात दाखवला होता. पहिला प्रसंग 1791 चा आहे आणि त्याचे एक टोक आपल्याकडे पोहोचते. टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' हे पुस्तक इंग्लंडातून नुकतेच आले होते. त्याची एक प्रत जेफरसनकडे वाचायला आली होती आणि ती फिलाडेल्फियात पुनर्मुद्रणासाठी पुढे पाठवायची होती. नुसते पुस्तक पाठवणे कोरडे दिसेल म्हणून परराष्ट्रमंत्री असलेल्या जेफरसनने सोबत चार ओळींची चिठ्ठी जोडली आणि आपल्यात उगवलेल्या राजकीय पाखंडाविरुद्ध अखेर जाहीरपणे काही बोलले जाते आहे याचा आनंद व्यक्त केला. छापणाऱ्याने त्या ओळी लेखकाच्या नावानिशी पुस्तकाच्या आरंभी छापून टाकल्या. पाखंड म्हणजे कोणाचे, हे कुणाला विचारावे लागले नाही. उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सचे राजेशाहीकडे झुकणारे मानले गेलेले लेख तेव्हा गाजत होते. जेफरसनने 8 मे रोजी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला खुलासा लिहिला, त्यात मते नाकारली नाहीत, फक्त आपल्याला असे रंगमंचावर ओढले गेल्याबद्दल खंत व्यक्त केली. ॲडम्सला लिहायला मात्र जुलै उजाडला. हेच पुस्तक अर्धशतकानंतर पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडले आणि त्यांच्या विचारांना त्याने कसे वळण दिले हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. अमेरिकेत मात्र दोन जुन्या मित्रांच्या मनात पहिली अढी पडायला त्याच्या आरंभीच्या त्या चार ओळी पुरल्या.

दुसरा प्रसंग अधिक महागात पडला. 24 एप्रिल 1796 रोजी त्याने फिलिप माझेई या इटालियन मित्राला, पूर्वी व्हर्जिनियात त्याचा शेजारी राहिलेल्या माणसाला, घरच्या व्यवहारांचे पत्र लिहिले आणि ओघात देशाच्या राजकारणावर एक परिच्छेद घातला. रणांगणावर सॅमसन आणि सल्लामसलतीत सॉलोमन असलेल्या माणसांचे केस इंग्लंड नावाच्या कुलटेने कापून घेतले, असे त्यात होते. बायबलमधल्या सॅमसनचे बळ त्याच्या केसांत होते, आणि सॉलोमन हा शहाणा राजा. माझेईने तो परिच्छेद इटालियनमध्ये छापू दिला, तिथून तो पॅरिसच्या वर्तमानपत्रात फ्रेंचमध्ये आला आणि मे 1797 मध्ये न्यूयॉर्कच्या पत्राने तो पुन्हा इंग्रजीत आणला. तोवर जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष झाला होता. सॅमसन म्हणजे वॉशिंग्टन, असाच अर्थ सर्वांनी घेतला. जेफरसनने जाहीर खुलासा केला नाही, कारण काही शब्द बदलले असले तरी आशय आपलाच आहे हे त्याला नाकारता येत नव्हते. वॉशिंग्टनने त्यानंतर त्याला एकही पत्र लिहिले नाही.

इतके पोळल्यावर एखादा जपून लिहायला लागला असता. जेफरसन जपून लिहू लागला खरा, टपालखात्यातले हेर पत्रे फोडतात असा त्याला संशय होता आणि काही पत्रे तो सहीवाचून पाठवी. पण लिहिणे थांबवणे त्याच्या स्वभावातच नव्हते. त्याला भाषण जमत नसे. आवाज लहान, सभेत उभे राहण्याचा संकोच. मार्च 1801 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने काँग्रेससमोर जाऊन वार्षिक भाषण करण्याची वॉशिंग्टन आणि ॲडम्स यांची प्रथा मोडली आणि 8 डिसेंबर 1801 रोजी लेखी संदेश पाठवून दिला. राजेशाही थाट नको, असे कारण त्याने दिले आणि ते खोटे नव्हते. पण बोलण्याऐवजी लिहिण्याची मुभा मिळाली याचा आनंदही त्यात असणारच. पुढे 1913 पर्यंत एकाही राष्ट्राध्यक्षाने ते भाषण स्वतः उभे राहून केले नाही.

मंत्रिमंडळही तो कागदावरच चालवी. 6 नोव्हेंबर 1801 च्या परिपत्रकात त्याने खातेप्रमुखांना वॉशिंग्टनच्या काळातली शिस्त समजावून सांगितली. प्रत्येक खात्याला आलेली पत्रे आणि त्यांवरची प्रस्तावित उत्तरे रोज राष्ट्राध्यक्षाकडे यायची, त्याने पाहून परत पाठवायची, म्हणजे देशात कुठे काय चालले आहे ते एका माणसाच्या डोक्यात कायम राहते. त्याच्या हाताखाली सचिव एकच, तोही पहिली दोन वर्षे मेरिवेदर लुइस, ज्याला त्याने नंतर पॅसिफिकपर्यंतच्या मोहिमेवर धाडले. सामान्य लोकांची टपाले वेगळी. त्या काळी टपालखर्च पत्र घेणाऱ्याला भरावा लागे, पण राष्ट्राध्यक्षाला लिहिलेल्या पत्राला तो नसे, त्यामुळे नोकरी मागणारे, यंत्रे शोधणारे, धर्मोपदेश करणारे आणि शिव्या घालणारे असे सगळेच मोकळ्या हाताने लिहीत. जेफरसनने परदेशी व्यापारावर घातलेल्या बंदीच्या काळात, ऑगस्ट 1808 मध्ये, बोस्टनहून एकाने कळवले की 10 ऑक्टोबरपर्यंत बंदी उठवली नाहीत तर तुम्हाला गोळी घालण्यासाठी मी चार मित्रांना 400 डॉलर कबूल केले आहेत, आणि हात-गुडघे टेकून कष्ट करावे लागले तरी ते देईन. असली पत्रेसुद्धा जेफरसनच्या दप्तरात सांभाळलेली आढळतात.

कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी इथल्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचे पत्र वरवर पाहता याच गठ्ठ्यातले. ते अल्पसंख्य होते, राज्याच्या अधिकृत पंथाला कर भरून स्वतःच्या उपासनेसाठी जणू परवानगी मागत होते. त्यांचे अभिनंदनपत्र 30 डिसेंबर 1801 च्या सुमारास पोहोचले आणि त्याला उत्तर गेले ते 1 जानेवारी 1802 रोजी. अशा औपचारिक पत्रांना द्यायची उत्तरे बहुधा गोडगोड असतात. पण जेफरसनने ॲटर्नी जनरल लेव्ही लिंकनला मसुदा दाखवताना सरळ सांगितले की अशी उत्तरे म्हणजे लोकांच्या मनात उपयुक्त तत्त्वांची पेरणी करण्याची संधी असते, आणि माझ्या पूर्वसुरींप्रमाणे मी उपवासाचे आणि आभारप्रार्थनेचे दिवस का जाहीर करत नाही हे सांगण्याची वाट मी कधीपासून पाहत होतो. लिंकनने सावध केले. ईशान्येकडच्या राज्यांत अशा जाहीरनाम्यांची जुनी चाल आहे, आपलीच माणसे दुखावतील. जेफरसनने त्या ओळींभोवती चौकट काढून त्या खोडल्या आणि समासात शेरा लिहिला की हा परिच्छेद पूर्वेकडच्या आपल्या मित्रांना अस्वस्थ करील या सूचनेवरून गाळला आहे.

राहिले ते वाक्य म्हणजे चर्च आणि शासन यांच्यामध्ये बांधलेल्या भिंतीचे. ते 1947 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात आधाराला घेतले आणि तेव्हापासून त्यावर अमेरिकेत भांडणे चालू आहेत. 1998 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा मसुदा एफबीआयच्या प्रयोगशाळेत नेला आणि खोडलेल्या ओळी शाईखालून वाचून काढल्या. 'भिंत' या शब्दाच्या जवळपास आधी 'शाश्वत' असे विशेषण होते, तेही त्याने काढले होते, असे त्यात दिसले. मला त्या समासातल्या शेऱ्याचे कौतुक वाटते. गाळायचे होते तर कागद चुलीत टाकता आला असता. त्याने गाळले, का गाळले ते लिहिले आणि मसुदा जपून ठेवला, कारण त्या वाचकांखेरीज आणखी कुणीतरी पुढे वाचणार आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. हे सगळे लिहून दोनच दिवस झाले होते तेव्हा, 3 जानेवारीला, तो प्रतिनिधिगृहात भरलेल्या रविवारच्या प्रवचनाला जाऊन बसला. त्यालाही त्याचा काही अर्थ अभिप्रेत असणारच.

पण सरकारी आणि खासगी यांची गुंतागुंत सर्वांत रंगतदार होते ती लुइझियानाच्या प्रकरणात. स्पेनने तो विस्तीर्ण मुलूख फ्रान्सला गुपचूप देऊन टाकल्याचे कळल्यावर जेफरसन हादरला, कारण मिसिसिपीच्या मुखावरचे न्यू ऑर्लिन्स नेपोलियनच्या हाती जाणार होते. 18 एप्रिल 1802 रोजी त्याने पॅरिसमधला अमेरिकी वकील रॉबर्ट लिव्हिंग्स्टन याला पत्र लिहिले. वकिलाला सूचना देणे हे परराष्ट्रमंत्री मॅडिसनचे काम, आणि मॅडिसनची रीतसर पत्रे जात होतीच. जेफरसनने मात्र मित्र या नात्याने लिहिले आणि त्यात जगात एकच जागा अशी आहे जिचा धनी आपोआप आपला शत्रू ठरतो, ती न्यू ऑर्लिन्स, असे सांगून फ्रान्सने तिथे पाय ठेवला त्या दिवशी आपल्याला ब्रिटिश आरमाराशी लग्न लावावे लागेल, इतकी थेट धमकी दिली. पत्र नेणार होता पिएर सॅम्युअल द्यू पाँ हा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ, जेफरसनचा जुना स्नेही, जो मायदेशी परतत होता. 25 तारखेला जेफरसनने त्याला कळवले की लिव्हिंग्स्टनसाठीचा लखोटा मी उघडाच ठेवला आहे, तुम्ही वाचा, आणि मग बंद करा.

एका परक्या देशाच्या नागरिकाच्या हाती, आपल्या वकिलाच्या नावाचे, वकिलाहून अधिक त्या नागरिकाने आणि त्याच्याकरवी त्याच्या सरकारने वाचावे म्हणून लिहिलेले पत्र. हे खासगी म्हणायचे की सरकारी? सरकारी असते तर ती धमकी ठरून फ्रान्सला उत्तर द्यावे लागले असते. खासगी असल्यामुळे ती मित्राने मित्राकडे व्यक्त केलेली काळजी झाली, आणि तरी जिथे पोहोचायची तिथे पोहोचली. खासगीपणाचा इतका सफाईदार उपयोग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पुढच्या वर्षी, 30 एप्रिल 1803 रोजी, नेपोलियनने केवळ न्यू ऑर्लिन्सच नव्हे तर अख्खा लुइझियाना विकला. दीड कोटी डॉलरमध्ये सुमारे 828,000 चौरस मैल मुलूख आला आणि देशाचा विस्तार जवळपास दुप्पट झाला. आता अडचण अशी की राज्यघटनेत केंद्राला नवा मुलूख विकत घेण्याचा अधिकार कुठेच लिहिलेला नव्हता, आणि घटनेचा अक्षरशः अर्थ लावावा हे तर जेफरसनच्या पक्षाचे ब्रीद. त्याने 12 ऑगस्टला केंटकीचे सिनेटर जॉन ब्रेकिनरिज यांना मोकळेपणाने लिहिले की हाती आलेली संधी साधताना आपण घटनेपलीकडचे कृत्य केले आहे, तेव्हा काँग्रेसने ते मंजूर करून मग घटनादुरुस्तीसाठी लोकांपुढे जावे. इतकी स्वच्छ कबुली कोणत्या सत्ताधाऱ्याने दिली असेल? पण लगेचच पॅरिसहून पत्र आले की नेपोलियनचे मन बदलण्याची भीती आहे. मग 18 ऑगस्टला ब्रेकिनरिजना दुसरे पत्र गेले. सौदा मोडायला निमित्त मिळेल असे काहीही बोलता कामा नये, जे करायचे ते मुकाट्याने करावे, आणि माझ्या 12 तारखेच्या पत्रातला तो भाग कृपया गोपनीय समजावा. सहा दिवसांपूर्वी लिहिलेले पत्र उलटटपाली खासगी करून घेतले गेले. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसला गेलेल्या अधिकृत संदेशात घटनेविषयीच्या शंकेचा उच्चारही नाही.

मला या माणसाचा राग येतो आणि त्याच वेळी त्याने दोन्ही पत्रांच्या नकला जपून ठेवल्या याबद्दल आदरही वाटतो. आजकालचे सत्ताधारी पहिले पत्र लिहिणारच नाहीत.

दुःखाच्या पत्रातही तो राजकारण बाजूला ठेवू शकला नाही, हे 1804 च्या पत्रांवरून दिसते. त्या वर्षी 17 एप्रिलला त्याची धाकटी मुलगी मारिया बाळंतपणानंतर वारली. वय अवघे पंचवीस. ही मुलगी सतरा वर्षांपूर्वी बोटीने लंडनला उतरली तेव्हा तिला काही दिवस जॉन ॲडम्सच्या पत्नी ॲबिगेल ॲडम्स या बाईंनी सांभाळले होते. मधल्या काळात ॲडम्स हरले, जेफरसन निवडून आला आणि दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. तरी बातमी वाचून बाईंना राहवले नाही आणि 20 मे रोजी त्यांनी सांत्वनाचे पत्र लिहिले. जेफरसनने उत्तरात आभार मानले, मैत्रीची आठवण काढली आणि मग, काही गरज नसताना, मिस्टर ॲडम्स यांनी आयुष्यात एकच गोष्ट अशी केली जिने मला वैयक्तिकरीत्या दुखावले, ती म्हणजे पायउतार होताना माझ्या विरोधकांच्या केलेल्या नेमणुका, असे लिहून टाकले. शोकाच्या पत्रात नेमणुकांचा विषय काढणाऱ्याला काय म्हणावे!

बाई काही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी उलट टपाली कॅलेंडरचे नाव काढले. जेम्स कॅलेंडर हा ॲडम्सवर गलिच्छ पुस्तिका लिहिणारा माणूस. जेफरसनने त्याला पैसे दिले होते, छापील फर्मे पाहून असल्या लिखाणाचा उत्तम परिणाम होईल असे लिहिलेही होते, आणि राजद्रोहाच्या कायद्याखाली तो तुरुंगात गेल्यावर त्याला माफी दिली होती. पुढे पोस्टमास्तरची जागा मिळाली नाही म्हणून तोच उलटला आणि 1802 साली त्याने जेफरसनची ती पत्रे रिचमंडच्या वर्तमानपत्रात छापली, सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीशी असलेल्या त्याच्या संबंधाचीही वाच्यता केली. तुम्ही ज्या सापाला ऊब दिलीत तो तुम्हालाच चावला, असे ॲबिगेलबाईंनी लिहिले. जेफरसनने ते पैसे केवळ दानधर्म होता असे सांगितले. छापून आलेली पत्रे वाचलेल्या बाईंना ते पटणे शक्य नव्हते. सात पत्रे झाली आणि बाईंनी विषय संपवला. त्यानंतर त्यांनी ती सगळी नवऱ्याला दाखवली. 19 नोव्हेंबरला जॉन ॲडम्सने शेवटच्या पत्राच्या नकलेखाली लिहून ठेवले की हा साराच पत्रव्यवहार माझ्या नकळत सुरू झाला आणि चालला, काल संध्याकाळी आणि आज सकाळी मी तो वाचला, आणि या वेळी, या ठिकाणी मला त्यावर काही शेरा मारायचा नाही. ॲडम्ससारख्या तोंडाळ माणसाकडून हे म्हणजे फारच झाले. दोघांची समजूत पटायला 1812 उजाडले आणि मग मरेपर्यंत त्यांनी एकमेकांना दीडशेहून अधिक पत्रे लिहिली, पण त्यांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी इथे थांबत नाही.

गुलामगिरीच्या प्रश्नावर मात्र थांबावे लागते. बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय गणितज्ञाने 19 ऑगस्ट 1791 रोजी आपले पंचांग आणि एक लांब पत्र जेफरसनला पाठवले; सर्व माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्याने माणसे गुलामीत ठेवावीत याचा जाब त्यात अदबीने पण स्पष्ट विचारलेला होता. अकराव्या दिवशी उत्तर गेले. तुमच्यासारखी उदाहरणे पाहण्याची मला सर्वांहून अधिक इच्छा आहे, तुमचे पंचांग मी पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सचिव काँदोर्से यांना पाठवले आहे. दोन्ही पत्रे पुढच्या वर्षी छापली गेली आणि आजही शाळांतून वाचली जातात. मग 1809 चा फेब्रुवारी येतो. राष्ट्राध्यक्षपदाचे शेवटचे दिवस, आणि आँरी ग्रेग्वार या फ्रेंच बिशपने कृष्णवर्णीयांच्या बुद्धिमत्तेविषयीचे आपले पुस्तक भेट पाठवलेले. जेफरसनने त्याला लिहिले की त्यांची बुद्धी कितीही असो, ती त्यांच्या हक्कांचे मोजमाप ठरत नाही. वाक्य असे की कुठेही कोरून ठेवावे. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला जोएल बार्लो या मित्राला लिहिताना जेफरसन म्हणतो की मी बिशपला अगदी मवाळ उत्तर दिले. आणि बॅनेकरचे म्हणाल तर त्याचे एक लांब पत्र माझ्याकडे आहे, त्यावरून तो अगदीच सामान्य बुद्धीचा दिसतो.

हे वाचून कोणते पत्र खरे, असा प्रश्न पडतो. आणि खासगीतले तेच खरे, असे म्हणण्याचा मोह होतो. मला तसे वाटत नाही. बॅनेकरला आणि ग्रेग्वारला लिहिलेली वाक्ये त्याच माणसाने, त्याच लेखणीने, विचार करून लिहिली आणि त्यांचा उपयोग पुढे इतरांनी केला. पण बार्लोला लिहिताना त्याला कुणाचा धाक नव्हता, आणि धाक नसताना तो कुठे घसरतो ते तिथे दिसते.

हयातीत सहाशेहून अधिक माणसे त्याच्या मालकीची होती, आणि त्यांच्यातल्या लिहिता येणाऱ्या काहींची पत्रेही त्याच्या संग्रहात आहेत. पॉप्लर फॉरेस्ट या दूरच्या मळ्यावर स्वयंपाक आणि घर सांभाळणाऱ्या हॅनाने 15 नोव्हेंबर 1818 रोजी आजारी जेफरसनला पत्र लिहिले. तुमचे घर आणि सामान सुखरूप आहे, तुम्ही आजारपणामुळे येऊ शकला नाहीत याचे वाईट वाटले, असे सुरुवातीला. मग ती त्याला देवाची आठवण करून देते. तुम्ही बरे झालात ते देवाने केले, दुसऱ्या कुणी नाही, आपण सर्वांनी त्याच्या आज्ञा पाळायला हव्यात. शेवटी माझे हे अडाण्याचे पत्र तुम्हाला फारसा धीर देणार नाही, असे म्हणून ती क्षमा मागते. एफबीआयकडे न्यायची गरज नसलेले, एका बैठकीत वाचून होणारे हे पत्र. धर्म हा माझा आणि माझ्या देवाचा प्रश्न आहे, असे ज्याने डझनभर प्रतिष्ठितांना लिहिले, त्याला त्याच्या स्वयंपाकघरातून आलेला हा उपदेश.

वृद्धापकाळी पत्रांचे ओझे त्याला असह्य झाले होते. सूर्योदयापासून दुपारी एक-दोनपर्यंत आणि अनेकदा जेवणानंतर अंधार पडेपर्यंत मी लेखनाच्या मेजावर राबतो, असे त्याने 1817 मध्ये ॲडम्सला लिहिले. पाच वर्षांनी त्याने सहज नोंदवही उघडून 1820 सालची आलेली पत्रे मोजली, ती 1,267 भरली. त्यांतल्या बऱ्याचशा पत्रांना अभ्यास करून उत्तर द्यावे लागे आणि तो ते देई.

एका पत्राला मात्र त्याने दिलेले उत्तर मला त्याच्या साऱ्या लिखाणातले सर्वांत दुर्बळ वाटते. एडवर्ड कोल्स या व्हर्जिनियातल्या तरुणाने, राष्ट्राध्यक्ष मॅडिसनच्या सचिवाने, 31 जुलै 1814 रोजी त्याला विनंती केली की गुलामांच्या मुक्तीचा जाहीर पुरस्कार आता तुम्ही करावा, तुमच्या शब्दाला वजन आहे. जेफरसनने 25 ऑगस्टला उत्तर पाठवले. न्यायाचे प्रेम आणि देशाचे प्रेम दोन्ही या लोकांची बाजू घेतात, हे काम व्हायलाच हवे, पण ते तरुणांचे आहे, माझे वय झाले, माझ्याकडे प्रार्थनेशिवाय काही नाही. तुम्ही मात्र राज्य सोडून जाऊ नका. जाहीर शब्दाची मागणी होती आणि मिळाले ते आणखी एक खासगी पत्र. कोल्सने 26 सप्टेंबरला पुन्हा लिहिले आणि अतिशय नम्रपणे आठवण करून दिली की पेनसिल्व्हेनियाला गुलामगिरीतून लवकर सोडवणारे डॉक्टर फ्रँकलिन तुमच्या आजच्या वयानंतरही तितक्याच जोमाने काम करत होते. जेफरसन तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. 1819 साली कोल्स आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयकडे निघाला, ओहायो नदीवर बोटी चालू असतानाच त्याने त्यांना तुम्ही आता मुक्त आहात असे सांगितले, आणि तीन वर्षांनी त्या राज्याचा गव्हर्नर होऊन तिथे गुलामगिरी कायदेशीर करण्याचा प्रयत्न हाणून पाडला.